बाबासाहेब आणि मतपेटीचे गणित

निवडणुकीचा निकाल लागला की कोणास किती जागा मिळाल्या, याचा काथ्याकूट चार-आठ दिवस चालतो. ती मते कोणत्या रीतीने मोजली गेली आणि दुसऱ्या रीतीने मोजली असती तर काय घडले असते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मोजणीची रीत ही निवडणूक कचेरीतील कारकुनांची बाब आहे, अशीच आपली समजूत असते. ही समजूत किती भ्रामक आहे, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र या एका अंगाने पुन्हा वाचावे. सरकारी नेमणूक, राखीव जागा, एकत्रित मतदान, पसंतीक्रमाचे मतदान, द्विसदस्य मतदारसंघ अशा जवळजवळ सर्व वाटांनी त्यांना जावे लागले. माणूस तोच आणि अनुयायीही तेच. परंतु नियम बदलला की सभागृहाचे दार कधी त्यांच्यासाठी उघडे, तर कधी बंद. आणि ज्या पद्धतीने ते दार उघडून दिले, तीच पद्धत लोकसभेसाठी नको, असा निर्वाळा पुढे त्यांनीच दिला. हा निर्वाळा समजून घेतल्याखेरीज प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची आपल्याकडील चर्चा पुरी होऊ शकत नाही.

प्रथम या दोन पद्धतींतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या लोकसभेची पद्धत ब्रिटनकडून आलेली आहे. एका मतदारसंघातून एक प्रतिनिधी, आणि ज्यास सर्वांत अधिक मते तो विजयी. पाच उमेदवारांत मते विभागली गेली तर शंभरातील तीस मते मिळविणाराही निवडून येतो आणि उरलेल्या सत्तर मतदारांचे मत सभागृहात पोहोचत नाही. हा दोष पाहून टॉमस हेअर या इंग्रज कायदेपंडिताने १८५९ मध्ये निराळी योजना मांडली आणि जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ च्या आपल्या ग्रंथात तिचा जोरदार पुरस्कार केला. मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम द्यावा, ठराविक कोटा पुरा करणारा निवडून यावा, त्याची जादा मते आणि तळाच्या उमेदवाराची मते पुढील पसंतीकडे जावीत, असे तिचे सामान्य स्वरूप आहे. एकल संक्रमणीय मत या बोजड नावाने ती आपल्या राज्यघटनेत आलेली आहे. राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीच्या मतांवरून जी रात्र जागविली जाते, ती हीच पद्धत होय.

आंबेडकरांचा या प्रश्नाशी संबंध आला तो ग्रंथांतून नव्हे, तर जीवितातून. १८९१ मध्ये महू येथे एका लष्करी सुभेदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती, कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथील अध्ययन, हा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. १९१९ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असता, मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. वय अवघे सत्तावीस. अस्पृश्यांना त्यांच्या संख्येनुसार प्रतिनिधी मिळावेत, ते त्यांनी स्वतःच निवडावेत आणि मताधिकाराची अट त्यांच्यासाठी खाली आणावी, अशी मागणी त्यांनी केली.

या मागणीमागे एक साधा भूगोल होता. अस्पृश्य समाज गावोगावी आहे. परंतु तो प्रत्येक गावी वेशीबाहेर आहे आणि प्रत्येक गावी अल्पसंख्य आहे. एखादा अल्पसंख्य समाज एका प्रदेशात एकवटलेला असेल तर सर्वाधिक मतांच्या पद्धतीतही त्यास चार जागा मिळतात. जो देशभर विखुरलेला आहे त्याची संख्या कोटींत असली तरी कोठेही तो पहिला येत नाही. म्हणजे नकाशावर मतदारसंघाची रेघ ओढली गेली की त्या समाजाचे राजकीय अस्तित्वच पुसले जाते. आंबेडकरांच्या पुढील साऱ्या राजकारणाचा हा पाया होता. विभक्त मतदारसंघ, राखीव जागा, एकत्रित मतदान या त्यांच्या वेळोवेळीच्या मागण्या वरवर परस्परविरोधी वाटल्या तरी त्या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत्या.

१९२७ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. निवडून येण्याचा मार्गच तेव्हा नव्हता. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार आणि संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा मागितल्या. प्रौढ मताधिकार मिळणार नसेल तरच विभक्त मतदारसंघ हवेत, अशी त्यांची भूमिका होती. गोलमेज परिषदेत ती विभक्त मतदारसंघांकडे वळली. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. करारान्वये प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. निवाड्यात होत्या त्याहून या कितीतरी अधिक. परंतु अंतिम निवड सर्व हिंदू मतदारांच्या हाती गेली. अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार नावे निवडायची आणि त्यांतील एकास सर्वांनी मिळून पसंत करायचे, अशी ती व्यवस्था होती. जागा वाढल्या, पण त्या जागांवर बसणारा कोणास उत्तरदायी राहणार, हा प्रश्न तेथेच निर्माण झाला.

१९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये निवडणुका झाल्या. त्यापूर्वी मतदारसंघांची आखणी करणाऱ्या हॅमंड समितीपुढे मतदानाच्या रीतीचा वाद निघाला, तेव्हा आंबेडकरांनी एकत्रित मतदानाचा आग्रह धरला. मतदारसंघातून तीन प्रतिनिधी निवडावयाचे असतील तर मतदारास तीन मते, आणि ती तिन्ही एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा, अशी ही रीत. मुंबई इलाख्यात ती अमलात आली. संख्येने थोड्या पण एकजुटीने मत देणाऱ्या समाजास ती उपकारक ठरणार, हे उघड होते. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. राखीव जागांबरोबर काही सर्वसाधारण जागाही पक्षाने जिंकल्या. मुंबईत खुद्द आंबेडकरांनी काँग्रेसचे उमेदवार, नामवंत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा सुमारे दोन हजार मतांनी पराभव केला. वर्षभरापूर्वी जन्मलेला पक्ष विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडतो आणि कामगारांच्या संपाच्या हक्कासाठी सरकारशी झुंज देतो, हे दृश्य महाराष्ट्राने पाहिले. त्यामागे आंबेडकरांचे कर्तृत्व होते, हे निर्विवाद. पण ते सभागृहापर्यंत पोहोचविण्यास मतदानाची रीतही कारणीभूत झाली होती.

तथापि, रीत बदलली की सर्व काही बदलते, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. १९४६ च्या निवडणुका त्याच कायद्याखाली झाल्या. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि स्वातंत्र्याच्या लाटेवर आरूढ झालेल्या काँग्रेसपुढे त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मुंबई इलाख्यात संपूर्ण पाडाव झाला. लोकमताचा महापूर येतो तेव्हा कोणतेही गणित त्यास बांध घालू शकत नाही. परंतु याच पराभवातून पुढचा प्रसंग उद्भवला आणि तो आपल्या इतिहासातील एक मोठी कलाटणी ठरला.

घटना समितीचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडावयाचे होते आणि ती निवड एकल संक्रमणीय मताने व्हावयाची होती. मुंबईच्या विधानसभेत आंबेडकरांना मत देणारे कोणी उरले नव्हते. बंगालमध्ये मात्र जोगेंद्रनाथ मंडल हे फेडरेशनचे आमदार होते. त्यांनी खटपट करून मूठभर आमदारांची पहिली पसंती मिळविली. तेथून निवडावयाच्या जागा अनेक असल्यामुळे कोटा लहान होता आणि तेवढी मते पुरेशी ठरली. १९४६ च्या जुलैमध्ये आंबेडकर बंगालमधून घटना समितीत निवडून आले. हीच निवड सर्वाधिक मतांच्या पद्धतीने झाली असती, तर प्रत्येक जागा बंगाल विधानसभेतील सर्वसाधारण गटात बहुमत असलेल्या काँग्रेसकडे गेली असती आणि आंबेडकर सभागृहाबाहेर राहिले असते. हेअरने लंडनमध्ये बसून मांडलेल्या गणिताने भारताच्या घटना समितीस तिचा सर्वांत समर्थ सभासद मिळवून दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

फाळणी झाली आणि बंगालची ती जागा गेली. तोवर काँग्रेसच्या नेत्यांना आंबेडकरांच्या विद्वत्तेची महती पटली होती. डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या मुंबईच्या जागेवर त्यांना निवडून आणावे, असे राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना कळविले आणि १९४७ च्या जुलैमध्ये ते निवडून आले. ऑगस्टअखेर ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. काँग्रेसने दाखविलेला हा मोठेपणा कौतुकास्पदच होता. पण दोन्ही निवडींतील फरक पाहण्यासारखा आहे. पहिल्या वेळी ते अल्पमताच्या स्वतःच्या बळावर आले होते, दुसऱ्या वेळी बहुमताच्या सद्भावनेवर. बहुमत उदार होते म्हणून निभावले. परंतु ज्या लोकशाहीत अल्पमताचा प्रवेश बहुमताच्या औदार्यावर अवलंबून राहतो, त्या लोकशाहीत काही उणे आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता १९४९ सालच्या ४ जानेवारीकडे वळू. लोकसभेच्या रचनेचे कलम घटना समितीपुढे होते. मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, बहुसदस्य मतदारसंघांतून आणि एकत्रित मतदानाने व्हावी, अशी दुरुस्ती सुचविली. म्हणजे १९३७ मध्ये आंबेडकरांनी ज्या रीतीचा आग्रह धरला होता, तीच बारा वर्षांनी त्यांच्यापुढे दुसऱ्याने आणली. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा तीन मुद्द्यांत सांगता येईल. मतदारांपैकी बहुसंख्य निरक्षर आहेत. पसंतीचे आकडे लिहिणे त्यांना जमणार नाही. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने सभागृहाचे तुकडे पडतात आणि संसदीय राज्यपद्धतीत सरकार टिकत नाही; नव्या राष्ट्रास तर स्थिर सरकार प्रथम हवे. शिवाय अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी राखीव जागांची तरतूद मसुद्यात आहेच. दुरुस्ती नामंजूर झाली.

यावरून आंबेडकरांनी आपली पूर्वीची भूमिका सोडली, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. १९३७ मध्ये ते एका समाजाचे वकील होते. १९४९ मध्ये साऱ्या राष्ट्राचा संसार उभा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. फाळणीच्या रक्तपातास जेमतेम दीड वर्ष लोटले होते, निर्वासितांचे लोंढे अद्याप थांबले नव्हते आणि संस्थानांचे विलीनीकरण पुरे व्हावयाचे होते. अशा वेळी स्थैर्याचे पारडे जड ठरावे, हे स्वाभाविक होते. मात्र चारच महिन्यांनी, १९४९ च्या मे महिन्यात, धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा घटना समितीने रद्द केल्या. ज्या तीन आधारांवर प्रमाणशीर प्रतिनिधित्व नाकारले गेले, त्यांतील एक आधार त्या समाजांपुरता घटना पुरी होण्याआधीच निखळला. पण नाकारलेली पद्धत पुन्हा विचारार्थ आली नाही.

या निर्णयाची झळ प्रथम ज्यांना लागली, त्यांत खुद्द आंबेडकर होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागेसाठी उभे राहिले. मतदारास दोन मते होती. परंतु ती दोन निरनिराळ्या उमेदवारांना देणे बंधनकारक होते. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी त्यांचा चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. आंबेडकरांना सव्वा लाखाच्या आसपास मते पडली होती. सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्याचा मुद्दा घेऊन त्यांनी आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली. बाद झालेली मते कोणाची होती, हा वाद येथे महत्त्वाचा नाही. १९३७ मध्ये सारी मते एकास देणे हा मतदाराचा हक्क होता, १९५२ मध्ये ती त्याची चूक ठरली. एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. राज्यघटनेचा मसुदा करणारा पुरुष लोकांनी निवडलेल्या पहिल्या लोकसभेत नव्हता. तो संसदेत राहिला तो राज्यसभेचा सदस्य म्हणून, मुंबईच्या काँग्रेसेतर आमदारांच्या मतांवर. राज्यसभेची निवडणूक एकल संक्रमणीय मताने होते, हे सांगावयास नकोच.

१९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांनी पुन्हा लोकांचा कौल मागितला. मतदारसंघ पुन्हा द्विसदस्य होता. अनुयायांनी आपले दुसरे मत कोणासच देऊ नये, म्हणजे आपली बाजू बळकट होईल, असे कार्यकर्त्यांनी सुचविले आणि मत वाया घालविण्याचा सल्ला घटनाकाराने द्यावा हे योग्य नव्हे, म्हणून बाबासाहेबांनी ते मानले नाही, अशी आठवण सांगितली जाते. सर्वसाधारण जागेवर त्यांचे सहकारी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर आंबेडकर पडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. राज्यसभेचे सदस्य असतानाच ते गेले. लोकसभेत त्यांना कधीच बसता आले नाही. १९६१ मध्ये द्विसदस्य मतदारसंघही कायद्याने रद्द झाले.

आज प्रश्न उरतो तो आंबेडकरांच्या तीन मुद्द्यांचा. निरक्षरतेचा मुद्दा आता टिकणारा नाही. साक्षरता कितीतरी वाढली आहे. शिवाय प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी आकडेच लिहावे लागतात असे नाही. नेपाळने २०१५ च्या राज्यघटनेत प्रतिनिधीसभेच्या २७५ जागांपैकी १६५ थेट निवडणुकीने आणि ११० पक्षांच्या याद्यांमधून प्रमाणशीर रीतीने भरण्याची तजवीज केली. तेथील खेड्यातील मतदार चिन्हावर शिक्का मारून दोन्ही मते देतो. श्रीलंकेने १९७८ च्या राज्यघटनेतच ही पद्धत स्वीकारली. शेजाऱ्यांना जे जमले ते आपल्याला जमणार नाही, असे म्हणण्याचे कारण नाही.

खरा मुद्दा स्थैर्याचा आहे. सर्वाधिक मतांच्या पद्धतीने एका पक्षास भक्कम बहुमत दिले, हे खरे. पहिल्या लोकसभेत काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षास सुमारे ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत देशात चार टक्क्यांवर मते मिळविणाऱ्या बहुजन समाज पक्षास एकही जागा मिळाली नाही. सरकार स्थिर झाले, पण कोटींच्या संख्येने दिलेली मते मोजूनही न मोजल्यासारखी झाली. आणि ही पद्धत स्थैर्याची हमी देते असेही नाही. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन लोकसभा निवडणुका चार वर्षांत याच पद्धतीने घ्याव्या लागल्या. १९८९ पासून पंचवीस वर्षे कोणत्याही एका पक्षास बहुमत मिळाले नव्हते.

सर्वाधिक मतांच्या पद्धतीचा एक गुण मात्र मानलाच पाहिजे. ती लहान पक्षांना इतरांशी समझोता करावयास लावते. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीत राहून दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. १९९८ मध्ये काँग्रेसशी युती करून रिपब्लिकन पक्षाच्या गटांचे चार नेते महाराष्ट्रातील सर्वसाधारण मतदारसंघांतून निवडून आले. समाजासमाजांना जोडणारा हा व्यवहार टाकाऊ नाही. परंतु त्यात लहान पक्षास जागा मिळतात त्या मोठ्या पक्षाच्या मर्जीने; मर्जी फिरली की पक्षही नामशेष होण्याच्या मार्गास लागतो आणि गटांत फुटत राहतो. १९४६ आणि १९४७ मधील तो जुना फरक येथेही पुन्हा दिसतो.

उलटपक्षी, प्रमाणशीर पद्धतीचे दोषही झाकण्याजोगे नाहीत. याद्यांची पद्धत घेतली तर उमेदवारी पक्षश्रेष्ठींच्या मुठीत जाते आणि मतदाराला आपला म्हणून खासदार राहत नाही. पसंतीक्रमाची पद्धत आमदारांच्या लहान मतदारवर्गात राबविली की मतांचा बाजार कसा भरतो, हे महाराष्ट्राने विधान परिषदेच्या निवडणुकांत पाहिले आहे. म्हणून एक पद्धत काढून दुसरी बसविणे हा उपाय नव्हे. विधी आयोगाने १९९९ मधील आपल्या १७० व्या अहवालात विचारार्थ घेतलेला मिश्र मार्गच आपल्या देशास मानवेल. मतदारसंघ आणि त्यांतील राखीव जागा आहेत तशा ठेवाव्यात, त्यांच्या जोडीस काही जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात द्याव्यात आणि अगदी किरकोळ पक्षांची गर्दी होऊ नये म्हणून किमान मतांची अट घालावी. आरंभ एखाद्या राज्याच्या विधानसभेपासून करता येईल.

बाबासाहेबांनी १९४९ मध्ये नकार दिला, म्हणून हा विषय कायमचा मिटला, असे मानणारे त्यांच्या विचारपद्धतीस न्याय देत नाहीत. त्यांनी कोणतीही निवडणूक पद्धत पवित्र मानली नाही. ज्या काळी जी व्यवस्था दुर्बलास सभागृहात स्वतःच्या पायावर उभे करील आणि राज्यही चालू देईल, तिचा ते शोध घेत राहिले. परिस्थिती बदलली तशी त्यांची मागणीही बदलली. त्या वेळच्या परिस्थितीवर आधारलेली त्यांची कारणे आज तपासून पाहणे हा त्यांचा अनादर नसून त्यांच्याच रीतीचे अनुसरण होय. वेशीबाहेरच्या माणसाच्या मताला सभागृहात स्वतःचा आवाज मिळतो की नाही, ही त्यांची कसोटी होती. आपल्या मतपेटीला तीच कसोटी लावून पाहण्याची वेळ आली आहे.